शेळीच्या लेंडीतून जंतांची अंडी वेगळी कशी करावीत: प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कॉलेजांमधून आणि छोट्या प्रयोगशाळांमधून शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांवर प्रकल्प घेणारी मुलं-मुली बरीच भेटतात. शेळ्या मुरबाड-शहापूरला पुष्कळ, नमुन्याला पैसे पडत नाहीत आणि सूक्ष्मदर्शक प्रत्येक विभागात असतो, त्यामुळे विषय सोपा वाटतो. मग शोधनिबंध उघडला की कार्यपद्धतीच्या भागात एकच ओळ सापडते: ‘अंडी गाळून, धुऊन वेगळी केली.’ त्या एका ओळीत सकाळपासून संध्याकाळपर्यंतचं काम दडलेलं असतं, आणि नवा माणूस नेमका तिथेच अडतो. मी हे काम शिकलो तेव्हा कोणी क्रमाने सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून हे लिहितोय.

इथे मी शेळीच्या पोटातल्या आणि आतड्यातल्या गोलकृमींच्या अंड्यांबद्दल बोलणार आहे. आपल्याकडे त्यात हिमॉन्कस कॉन्टॉर्टस हा रक्त पिणारा जंत सगळ्यात महत्त्वाचा. तो शेळीच्या चौथ्या पोटात राहतो. त्याची मादी २ ते ३ सेंटिमीटर लांब असते आणि दिवसाला साधारण ५,००० ते १०,००० अंडी घालते. ट्रायकोस्ट्राँगायलस, इसोफॅगोस्टोमम हे त्याचे भाऊबंद आतड्यात असतात. या सगळ्यांची अंडी दिसायला जवळपास सारखीच: लंबगोल, पातळ कवचाची, साधारण ७० ते ९० मायक्रॉन लांब आणि ४० ते ५० मायक्रॉन रुंद (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हे आकडे पाठच करून टाका, पुढची सगळी गाळणी त्यांच्यावर बेतलेली आहे.

कुत्र्यांच्या विष्ठेपासून सुरुवात करू नका. त्यात इकायनोकॉकस या पट्टकृमीची अंडी असू शकतात. ती माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुप्फुसात गाठी होतात. असे नमुने हाताळण्याआधी काही दिवस उणे ८० अंशांत गोठवून ठेवावे लागतात. ते काम अनुभवी माणसाच्या हाताखाली, नंतर कधीतरी. शेळीच्या गोलकृमींपासून माणसाला धोका फारच कमी, म्हणून शिकायला शेळी बरी.

१. अंडी कशासाठी हवीत ते आधी ठरवा

गाईडने ‘अंडी वेगळी कर’ म्हटलं की लगेच चाळणी हातात घेऊ नका. आधी विचारा, ‘पुढे त्यांचं काय करायचंय?’ कारण एका कामाला जे चालतं ते दुसऱ्या कामाचा घात करतं.

फक्त मोजायची असतील तर नमुना फ्रिजमध्ये चालतो, मिठाचं पाणी चालतं, अंडी मेली तरी बिघडत नाही. डीएनए काढायचा असेल तर अंडी जिवंत नसली तरी हरकत नाही, पण फॉर्मलिन अजिबात नको. त्याने डीएनए खराब होतो. अंडी उबवून औषधाचा परिणाम बघायचा असेल, म्हणजे अल्बेंडाझोलच्या गटातल्या औषधांना जंत दाद देत नाहीत का हे तपासायचं असेल, तर अंडी जिवंत हवीतच, शिवाय त्यांची वाढ सुरू झालेली नको. तिसरं काम सगळ्यात अवघड. खालच्या पायऱ्या त्याच कामासाठी लिहिल्या आहेत. बाकीची दोन त्यातून आपोआप जमतात.

वाढीबद्दल थोडं सविस्तर, कारण ठाण्यात सगळी अडचण इथेच होते. लेंडी शेळीच्या पोटात असेपर्यंत अंड्याला प्राणवायू मिळत नाही, त्यामुळे आतला पेशींचा पुंजका तसाच राहतो. लेंडी बाहेर पडली, हवा लागली की वाढ सुरू. पंचवीस-तीस अंशांत एका दिवसाच्या आसपास अंड्यात वळवळणारी अळी तयार होते. वाढ अशी पुढे सरकलेल्या अंड्यांवर औषधाचा परिणाम कमी होतो, आणि तुम्हाला वाटतं जंत औषधाला सरावलेत. चुकीचा निष्कर्ष, तोही आकडेवारीसकट. थंड देशांतले लेखक ‘खोलीच्या तापमानाला’ म्हणतात ते २० अंशांना. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पंख्याखालचं टेबलसुद्धा ३२-३३ अंशांवर असतं. म्हणून त्यांच्या वेळा जशाच्या तशा उचलू नका. लेंडी बाहेर पडल्यापासून तीन तासांच्या आत अंडी औषधात गेली पाहिजेत, हा नियम. ते जमणार नसेल तर हवाबंद बाटलीचा उपाय आहे, तो तिसऱ्या पायरीत सांगतो.

२. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं आधी. नमुना घेऊन आल्यावर परवानगी मागायला गेलात तर समिती सरळ नाही म्हणते, आणि तिचं बरोबर असतं.

- विभागप्रमुखांचं किंवा गाईडचं पत्र, त्यात गाव, तालुका आणि कामाचा हेतू
- संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीचं पत्र. जमिनीवर पडलेली लेंडी उचलायची आणि शेळीच्या गुदाशयातून लेंडी घ्यायची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही स्पष्ट लिहून विचारा
- शेळीमालकाचं मराठीतलं संमतीपत्र, एका पानाचं, वाचून दाखवता येईल असं
- तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना दिलेल्या पत्राची पोच
- नमुना नोंदवही. शेळीच्या कानात टॅग असेल तर त्यावरचा १२ अंकी क्रमांक, नसेल तर मालकाने सांगितलेली खूण

येऊरच्या पाड्यांवर शेळ्या आहेत आणि ठाण्याहून ते जवळही पडतं, म्हणून बऱ्याच जणांना तिकडे जावंसं वाटतं. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा आहे हे लक्षात ठेवा. आत नमुने गोळा करायचे तर वन विभागाची परवानगी हवी. वन्यप्राण्याची विष्ठा तर तिथून परवानगीशिवाय उचलायचीच नाही.

सामानात महागडं फार काही नाही. धातूच्या किंवा नायलॉनच्या तीन चाळण्या (साधारण २५० मायक्रॉन, १०० मायक्रॉन आणि २५ मायक्रॉन), खलबत्ता, ५० मिलीच्या टोकदार बुडाच्या नळ्या, झुलत्या बादल्यांचा सेंट्रिफ्यूज (फिरताना नळ्या आडव्या होतात तो), मॅकमास्टर मोजणी काच (अंडी मोजायची, रेघा आखलेल्या दोन खणांची), पाश्चर पिपेट, फवारणीची बाटली, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटल्या, हातमोजे, मीठ, साखर. चाळण्यांवर मात्र पैसे वाचवू नका. पंचवीस मायक्रॉनची जाळी डोळ्यांना कापडासारखीच दिसते. खात्री करायला तिचा एक कोपरा सूक्ष्मदर्शकाखाली धरून छिद्र मोजून बघा. काचसामान आणि रसायनं मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतात. साखर घरातली चालते, पण स्वच्छ आणि पांढरी.

३. गावात नमुना घेताना

पावसाळा सुरू झाला की जंतांचा भार वाढतो. ओल आणि ऊब दोन्ही असल्यामुळे गवतावर अळ्या टिकतात. जुलै ते ऑक्टोबर नमुन्यांसाठी चांगला काळ. मार्च-एप्रिलमध्ये तुम्ही ढीगभर लेंड्या आणाल आणि अंडी हाताला लागणार नाहीत.

मालकाशी बोलताना पहिला प्रश्न: ‘दादा, जंताचं औषध शेवटचं कधी पाजलंत?’ गेल्या दोन आठवड्यांत पाजलं असेल तर त्या कळपाचा नमुना तुमच्या कामाचा नाही. कोणतं औषध, किती पाजलं, बाटली आहे का, हेही विचारा आणि बाटलीचा फोटो घ्या. लोक प्रेमाने सांगतात, पण ‘पांढरं औषध’ एवढ्यावर तुमचा प्रकल्प उभा राहत नाही.

कळपातल्या सगळ्या शेळ्यांत जंत सारखे नसतात. थोड्या शेळ्यांच्या पोटात बहुतेक जंत असतात. वाढती करडं, अंग धरत नसलेल्या शेळ्या, डोळ्याची खालची पापणी आतून फिकट पडलेल्या, जबड्याखाली पाणी भरलेल्या शेळ्या, यांच्यापासून सुरुवात करा. पापणी अंगठ्याने हलकेच खाली ओढून दिवसाच्या उजेडात बघायची. लालसर गुलाबी असेल तर बरं, पांढुरकी असेल तर हिमॉन्कसचा संशय पक्का.

लेंडी गुदाशयातून घेतलेली उत्तम, आणि ती पशुवैद्यकाने किंवा त्यांच्या देखरेखीखालीच घ्यावी. जमत नसेल तर स्वच्छ गोणपाट किंवा प्लास्टिक अंथरून शेळी त्यावर उभी करा आणि पडल्या पडल्या लेंड्या उचला. मातीवरून उचललेली लेंडी नको. मातीत स्वतंत्र राहणारे बारीक गोलकृमी असतात, ते लेंडीत शिरतात आणि पुढे तुमच्या बशीत पिल्लं घालतात. नवख्याला ते जंतांच्या अळ्याच वाटतात.

एका शेळीचा नमुना एका पिशवीत. पिशवीतली हवा दाबून काढा, गाठ मारा, वर कायमच्या शाईने लिहा. कागदी चिठ्ठी आत टाकू नका, ती भिजून लगदा होते.

आता सगळ्यात मोठा सापळा: बर्फ. मटण-मासळी आणायची सवय असल्यामुळे आपला हात आपसूक बर्फाकडे जातो. हिमॉन्कसच्या अंड्यांना ४ अंशांची थंडी सोसत नाही. एक-दोन दिवस फ्रिजमध्ये राहिलेल्या नमुन्यातली अंडी उबतच नाहीत. मोजणीला फ्रिज चालेल, उबवायला नाही. जिवंत अंडी हवी असतील तर हे करा: प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत लेंड्या आणि थोडे काचेचे मणी घाला, पाणी अगदी काठोकाठ भरा, झाकण लावून जोरात हलवा. लेंड्या विरघळून काला झाला की झाकण उघडून वर आलेली हवा पुन्हा पाण्याने भरून काढा आणि घट्ट बंद करा. आतला प्राणवायू लवकरच संपतो आणि अंड्यांची वाढ थांबते. अशी बाटली सावलीत, वीस-पंचवीस अंशांच्या आसपास ठेवली तर आठवडाभरापर्यंत अंडी चालतात. आत एक बुडबुडासुद्धा राहू देऊ नका.

मुरबाडहून कल्याणपर्यंत एसटी, कल्याणहून ठाण्यापर्यंत लोकल, ठाण्याहून ऐरोली-रबाळे-घणसोलीसाठी ट्रान्स-हार्बर. शहापूरचं काम असेल तर आसनगावहून लोकल. या प्रवासात तीन तास सहज जातात, म्हणून बाटलीचा काला गावातच करायचा. थर्माकोलचा डबा घ्या, त्यात गार केलेली पण टॉवेलमध्ये गुंडाळलेली जेलची पिशवी कडेला ठेवा, बाटलीला चिकटवू नका. डब्यात एक साधा थर्मामीटर टाकला की वाद मिटतो.

४. गाळण्याआधी मोजा

हा टप्पा घाईत गाळला जातो, आणि मग दिवसभर गाळून शेवटच्या थेंबात तीन अंडी दिसतात. प्रत्येक शेळीच्या नमुन्यातून २ ग्रॅम लेंडी घ्या, २८ मिली संपृक्त मिठाच्या पाण्यात कुस्करा, चहाच्या गाळणीतून गाळा आणि मॅकमास्टर काचेच्या दोन्ही खणांत भरा. दोन-तीन मिनिटं थांबा, अंडी वर तरंगू द्या, मग वरच्या थरावर फोकस करून रेघांच्या आतली अंडी मोजा. दोन्ही खणांची बेरीज गुणिले ५०, ही झाली एका ग्रॅममधली अंडी.

मिठाचं पाणी करायला लिटरभर गरम पाण्यात ४०० ग्रॅम मीठ घाला, ढवळा, गार होऊ द्या. तळाशी थोडं मीठ उरलंच पाहिजे. उरलं नाही तर पाणी संपृक्त झालेलं नाही. हायड्रोमीटरवर १.२० दिसलं पाहिजे.

ग्रॅमला हजाराच्या वर अंडी असलेला नमुना पुढे न्या. हिशेब करून बघा: ग्रॅमला २,००० अंडी आणि २० ग्रॅम लेंडी, म्हणजे ४०,००० अंडी. गाळण्यात निम्मी गेली तरी २०,००० उरतात. उबवणीच्या २४ खणांच्या एका ताटाला प्रत्येक खणात शंभर धरून २,४०० पुरतात. म्हणजे किलोभर लेंड्या वाहून आणायची काहीच गरज नाही. कमी आणि ताजं, हेच धोरण ठेवा.

मोजताना शेजारी काय काय आहे तेही लिहून ठेवा. काळपट, दोन्ही टोकांना बुचं असलेलं अंडं ट्रायच्युरिसचं. त्रिकोणी-चौकोनी अंडं मोनिझिया पट्टकृमीचं. आत आधीच अळी असलेलं छोटं अंडं, साधारण ५० मायक्रॉन, ते स्ट्राँगिलॉइड्सचं. बारीक गोल-लंबगोल ते कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवींचे ऊसिस्ट, म्हणजे त्यांची अंड्यासारखी अवस्था. भातखाचरांच्या भागात चरणाऱ्या शेळ्यांत पर्णकृमींची मोठी अंडीही असतात, पण ती जड असल्यामुळे मिठाच्या पाण्यात वर येत नाहीत. म्हणून ‘दिसली नाहीत’ म्हणजे ‘नाहीत’ असं लिहू नका.

५. चाळण्या

वीस ग्रॅम लेंडी २०० मिली पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा आणि खलबत्त्यात हलक्या हाताने मोडा. मिक्सर नको. मिक्सरमुळे तंतू बारीक होतात आणि ते नेमके अंड्यांच्याच मापाचे होऊन शेवटपर्यंत अंड्यांबरोबर राहतात. वाळलेली लेंडी असेल तर थोडं जास्त भिजवा, पण अशी लेंडी उबवणीसाठी घ्यायचीच कशाला?

चाळण्या एकावर एक: वर २५०, मध्ये १००, खाली २५. काला वरून ओता आणि फवारणीच्या बाटलीने पाणी मारत राहा. गवताचे तुकडे वरच्या चाळणीत अडकतात, मधली जाड चोथा धरते आणि अंडी शंभरच्या जाळीतून खाली उतरून पंचवीसच्या जाळीवर थांबतात. छोटे ऊसिस्ट, जीवाणू, रंग, बारीक गाळ सगळं त्याच्याही खाली जातं. खालून येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायचं. मधल्या चाळणीवरचा चोथा बोटाने घासू नका, नुसतं पाणी मारा.

खालची चाळणी तुंबली की पाणी वर साचतं, काठावरून ओसंडतं आणि अंडी सिंकमध्ये जातात. चाळणी तिरपी करून खालून हलकेच टिचकी मारली की पाणी उतरतं. थोडं थोडं ओतणं हाच खरा उपाय.

शेवटी पंचवीसची चाळणी उलटी धरा आणि मागच्या बाजूने पाणी मारून सगळं बीकरमध्ये उतरवून घ्या. एक थेंब काचेवर घेऊन बघा. अंडी दिसतील, सोबत चोथ्याचे तुकडे पुष्कळ. डीएनएचं काम असेल आणि नमुना दाट असेल तर कधीकधी इथेच थांबता येतं. उबवणीसाठी पुढची पायरी हवी.

६. साखरेच्या थरांवर अंडी उचलणं

मिठाच्या पाण्यात तरंगवणं सोपं आहे, पण तीव्र मिठात अंड्यातलं पाणी ओढलं जातं. जास्त वेळ राहिली तर अंडी आक्रसतात. साखरेचे थर सौम्य, शिवाय जड चोथा खाली आणि हलका चोथा वर असा दोन्हीकडून वेगळा होतो.

साखरेची तीन द्रावणं करा: १०, २५ आणि ४० टक्के, म्हणजे १०० मिली द्रावणात तितके ग्रॅम साखर. त्यांची घनता अनुक्रमे १.०४, १.०९ आणि १.१५ च्या जवळ असते. पंचवीसच्या द्रावणात खाण्याचा रंग एक थेंब टाका, थरांच्या सीमा स्पष्ट दिसतात. ५० मिलीच्या नळीत आधी १० टक्क्यांचं १० मिली घाला, मग लांब सुईच्या सिरिंजने तळाशी २५ टक्क्यांचं १० मिली हळूच सोडा, मग त्याच्याही खाली ४० टक्क्यांचं. वरून थर रचण्यापेक्षा खालून सरकवणं नव्या हाताला लवकर जमतं. सगळ्यात वर नमुन्याचं ५ ते १० मिली पाणी नळीच्या भिंतीवरून सोडा.

सेंट्रिफ्यूज साधारण १,००० जी, सात ते दहा मिनिटं, ब्रेक बंद. इथे दोन गोष्टी. आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) एक नाहीत. रोटरची त्रिज्या १६ सेंटिमीटर असेल तर १,५०० आरपीएमला साधारण ४०० जी मिळतात, १० सेंटिमीटर असेल तर २५० च. त्रिज्या सेंटिमीटरमध्ये घ्या, आरपीएमचा वर्ग करा, दोन्हींचा गुणाकार ०.००००१११८ ने गुणा, जी मिळेल. हा आकडा यंत्राच्या झाकणावर चिकटवून ठेवा. दुसरी गोष्ट ब्रेक: यंत्र झटक्यात थांबलं की थर ढवळले जातात आणि सगळं काम वाया. तिरक्या खाचांचा रोटरही नको, त्यात थर नळीच्या बाजूला चढतो.

नळी उजेडासमोर धरा. १० आणि २५ टक्क्यांच्या सीमेवर पांढुरका-पिवळसर पट्टा दिसतो, तिथे बहुतेक अंडी. पाश्चर पिपेटने पट्ट्याच्या कडेने फिरत तो उचला. पहिल्या काही वेळा बाकीच्या सीमांवरचा थेंबही तपासा. नमुन्यानुसार थोडी अंडी खालच्या सीमेवर उतरतात.

मग साखर धुवायची. उचललेला पट्टा सरळ सेंट्रिफ्यूजमध्ये घातला तर अंडी तळाशी बसत नाहीत, कारण साखरेचं पाणी अजून जड आहे. लोक वरचं पाणी ओतून देतात आणि त्याबरोबर अंडीही जातात. आधी निदान पाचपट पाणी घाला, मग फिरवा. किंवा सरळ पंचवीसच्या चाळणीवर भरपूर पाण्याने धुवा. मी हेच सुचवेन. साखर जरा जरी राहिली तरी आपल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी ताटात बुरशीचं जाळं दिसतं. धुतलेल्या अंड्यांचा थेंब जिभेला लावून साखर बघणारे लोक आहेत. कृपा करून तसं करू नका.

७. अंडी चांगली आहेत का?

धुतलेली अंडी १० मिली पाण्यात घ्या, हलवा, लगेच ५० मायक्रोलिटरचे चार-पाच थेंब वेगवेगळे मोजा आणि सरासरी काढा. अंडी पाण्यात भराभर खाली बसतात, त्यामुळे प्रत्येक वेळी पिपेट बुडवण्याआधी नळी हलवलीच पाहिजे. अंडी प्लास्टिकला चिकटतातही. पिपेटच्या टोकाचा थोडा भाग कात्रीने कापून तोंड रुंद करा. मिलीला हजार अंडी असं प्रमाण जुळवलं की १०० मायक्रोलिटरमध्ये शंभर येतात आणि पुढचं काम सोपं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी. औषध न घालता नुसत्या पाण्यात काही खण ठेवा, २५ अंशांवर ४८ तास. मग आयोडीनच्या द्रावणाचा थेंब टाकून सगळं थांबवा आणि अळ्या किती, न उबलेली अंडी किती ते मोजा. शंभरातली नव्वदच्या आसपास उबली पाहिजेत. ऐंशीच्या खाली गेली तर औषधाच्या खणांचे आकडे लिहूच नका. थंडी लागली, मिठात जास्त वेळ राहिली, की साखर राहिली, हे मागे जाऊन शोधा. सुरुवातीला एक युक्ती फार उपयोगी पडते: चाळणीनंतरची अंडी थोडी बाजूला ठेवा, साखरेनंतरची दुसऱ्या खणात, आणि दोन्ही शेजारी शेजारी उबवा. दोष कोणत्या पायरीत आहे ते लगेच कळतं.

साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ही अंडी कोणत्या जातीची हे सांगता येत नाही, हेही समजून घ्या. ‘हिमॉन्कसची अंडी’ असं अहवालात लिहायचं असेल तर तेवढा पुरावा हवा. उरलेल्या लेंड्या भुशात मिसळून, ओलसर ठेवून, २५-२७ अंशांवर सात ते दहा दिवस अळ्या वाढवा आणि तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्यांच्या शेपटीवरून ओळखा. नाहीतर डीएनएच्या पद्धतीने. एकाच जातीची अंडी हवी असतील तर परवानाधारक कत्तलखान्यातून चौथं पोट मिळवून, त्यातल्या हिमॉन्कसच्या माद्या वेचून त्यांच्या पोटातून अंडी काढणं हा वेगळा आणि चांगला मार्ग आहे. ताज्या मादीच्या अंगावर लाल-पांढरा पीळ दिसतो, रक्त भरलेल्या आतड्याभोवती पांढरं गर्भाशय गुंडाळलेलं असतं. एकदा पाहिलं की विसरत नाही.

८. साठवण

डीएनएसाठी: स्वच्छ अंडी तळाशी बसवा, पाणी काढा, ७० टक्के इथेनॉल घाला किंवा उणे २० अंशांत ठेवा. अंड्याचं कवच चिवट असतं. डीएनए काढताना मण्यांनी फोडणं किंवा गोठवून-वितळवणं आधी करावं लागतं, नाहीतर किटमधून काहीच येत नाही. विष्ठेतले रंग आणि पित्तक्षार पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची प्रक्रिया) अडवतात, म्हणून इथेही धुण्यात कसर नको.

उबवणीसाठी: साठवू नका. त्याच दिवशी वापरा.

९. कचरा आणि आवराआवर

जंतांची अंडी फिनेलला, डेटॉलला, ब्लीचलाही खात्रीने दाद देतात असं धरू नका. उष्णता हा भरवशाचा उपाय. उरलेला काला, चोथा, नळ्या, ताटं ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निदान २० मिनिटं, आणि मगच कचऱ्यात. चाळण्यांना उकळतं पाणी. नायलॉनची जाळी उकळत्या पाण्यात टिकेल का, ते विक्रेत्याला आधी विचारा.

शेळीच्या नमुन्यात जंतांखेरीज इतरही रोगजंतू असू शकतात. गाभडलेल्या शेळीच्या गोठ्यात नमुना घ्यायला जाऊ नका, आणि गरोदर सहकारी असेल तर तिला हे काम देऊ नका. हातमोजे काढल्यावर साबणाने हात. चहाचा कप त्या टेबलावर येता कामा नये.

१०. मालकाला निकाल

हे कार्यपद्धतीत कोणी लिहीत नाही, पण संमतीपत्रातच लिहून टाका की निकाल कळवणार. शेळीची खूण, तारीख, ग्रॅमला किती अंडी, एवढं चिठ्ठीवर मराठीत लिहून द्या. औषध कोणतं आणि किती हे तुम्ही सांगू नका, चिठ्ठीची एक प्रत तिथल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या आणि मालकाला तिकडे पाठवा. फोन संध्याकाळी सातनंतर करा. त्याआधी शेळ्या रानातून परतत असतात, आणि तेव्हा फोन उचलायला कोणाला फुरसत नसते.